काटा तीनावर थांबला
आमच्या ह्यांना सगळी वस्ती मीटरमास्तर म्हणते. चाळीस वर्षं रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्त करताहेत आणि आजवर एकही यंत्र ह्यांच्या हातून जळलेलं नाही. हे इतक्यांदा ऐकवलंय की माझे कान किटले. आपलं काही चुकलं म्हणायचं तर ह्यांच्या अगदी जिवावर येतं.

गेल्या वर्षापासून मात्र नजर अधू झाली होती. पेपर तासभर तोंडासमोर, पान काही उलटायचं नाही. विचारलं की, "मला काय धाड भरलीय?" म्हणून अंगावर यायचे. मग मी विचारणं सोडलं. पण कामाला निघताना "पिशवी जड आहे, चल जरा" म्हणाले की मी मुकाट्याने चपला घालायचे. तेवढाच ह्यांच्यावर एक डोळा राहायचा.

त्या दिवशी गाण्याच्या बाईंकडे गेलो होतो. कंबरेचं हाड मोडून बाई तीन महिने आतल्या खोलीत आडव्या, शिकवणी बंद. आज पाच वाजता मुली पहिल्यांदाच परत येणार होत्या. त्या बाहेर बसून गाणार, बाई आतून ऐकून चुका सांगणार. साथीचं रेकॉर्डिंग दोन्ही खोल्यांत एकदम वाजायला हवं, म्हणून बाईंच्या जावयांनी दोन जादा स्पीकर आणून ठेवले होते.

"काका, दोन वायरी तर जोडायच्या," जावई म्हणाले. "मीच जोडल्या असत्या."

"आणि हे अँप्लिफायरचं यंत्र जाळलं असतंत. मागे छापलंय ते वाचा. दोन जोड्या एकदम लावायच्या तर प्रत्येक स्पीकर निदान आठ ओहमचा पाहिजे. आकडा कमी, तर स्पीकर करंट जास्त ओढतो. मग हे तापतं आणि मरतं."

छापलेलं ह्यांना तोंडपाठ होतं. वाचलं कुठे?

प्लग काढला. वायरी सोलल्या, तारा पिळून घट्ट केल्या. एखादी सुटी तार शेजारच्या खुंटीला टेकली की कारभार आटोपला, म्हणून प्रत्येक टोकावरून अंगठा फिरवला. बोटं अजून पक्की आहेत ह्यांची. बाहेरचे जुने स्पीकर आठचे, ते ह्यांनीच बसवलेले. नव्यांवरचं लेबल फाटलेलं होतं, म्हणून मीटर लावला आणि नाक काचेला टेकवलं.

"सहा. आठचा स्पीकर मीटरवर सहा-सातच दाखवतो. बरोबर आहे."

काटा तीनावर होता. जेवणाचा डबा घेऊन जन्मभर ह्यांच्या दुकानातल्या टेबलाशी बसलेय मी. तीन दाखवलं म्हणजे स्पीकर चारचा, एवढं मलाही कळतं.

हे वायरी जोडू लागले. बोलावं, तर जावई संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगणार की मास्तर आंधळे झाले. मग कोण देणार ह्यांना काम? दुकान गेलं तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल. गप्प बसावं, तर बाईंच्या यंत्रातून धूर. अस्सा राग आला ह्यांचा!

"मास्तर, झालं का?" बाईंनी आतून विचारलं. पाचला दहा कमी होते.

ह्यांनी प्लग लावला, बटणावर बोट ठेवलं आणि थांबले. एरवी कधी थांबत नाहीत.

"अहो, तीन!" मी ओरडलेच. "काटा तीनावर होता. स्पीकर चारचे आहेत. दाबू नका!"

हात झटकन मागे आला. ह्यांनी प्लग काढला.

जावई हसले. "काकांना दिसत नाही वाटतं."

"नाही दिसत. म्हणून तर मी आलेय. तुम्हाला दिसत होतं ना? मग तुम्ही का नाही बोललात?"

जावई वायरींचे तुकडे गोळा करू लागले.

"प्रत्येक बाजूला बाहेरचा आठचा आणि आतला चारचा एकामागे एक जोडू," हे खाली बघत म्हणाले. "बारा होतात. आवाज जरा पडेल, पण धोका नाही. तू मीटर वाच." मी वाचलं, ह्यांनी जोडलं. आवाज अगदी कमी ठेवून यंत्र चालू केलं, मग हळूहळू वाढवला. दहा मिनिटं ह्यांचा तळवा झाकणावर होता. तापलं नाही. तोवर मुली गायला लागल्या होत्या, आणि आतून बाई कडाडल्या, "खिडकीजवळची कोण गं ती? सूर खाली जातोय!"

आम्ही परतलो. आमच्या जिन्याशी आल्यावर मला राहवेना.

"चारचौघांत बोलले. चुकलं माझं."

"उशीर केलास," हे म्हणाले. "बटणावर बोट ठेवून अजून किती थांबणार होतो मी?"

मी हातातली पिशवी खाली ठेवायला गेले.

"ह्या पिशवीत असतं काय गं? एक मीटर आणि दोन पकडी. ती उचलायला मला वर्षभर बायको लागते?"

मला रडू आलं आणि रागही आला. वर्षभर मी एकटीच झुरत होते की काय! पिशवी ह्यांच्या हातात कोंबली. "मग धरा आता तुम्हीच."

ह्यांनी ती एका हातात धरली, दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि जिन्याकडे तोंड करून उभे राहिले.

"किती पायऱ्या आहेत, सांग."

"नऊ," मी म्हणाले.