'आठवण येते' म्हणणारा चोर

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझी स्वतःची फजिती सांगतोय!

मी निवृत्त मास्तर. शिकवल्याशिवाय राहवत नाही. तळ्याकाठच्या आमच्या कट्ट्यावर सगळ्या म्हाताऱ्यांना मी गिफ्ट कार्डाची फसवणूक शिकवली होती. अनोळखी नंबर, घाई, 'कुणाला सांगू नका', आणि कार्ड विकत घेऊन त्यावरचा नंबर पाठवा, असं कुणी म्हणालं की समजायचं, चोर. आपल्याच माणसाचं नाव सांगितलं, तर त्याच्या जुन्या नंबरावर फोन लावून खात्री करायची. अगदी घोकून घेतलं होतं सगळ्यांकडून.

आणि एका सकाळी माझ्याच फोनवर मेसेज! 'बाबा, मी मंदार. हा ऑफिसनं दिलेला नवा नंबर. तुमची फार आठवण येते. आईच्या वाढदिवसासाठी साडीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड आजच घ्या, पैसे मी देतो. कार्डावरचा नंबर मला पाठवा, मी छानसं शुभेच्छापत्र करून त्यात टाकतो. आईला सांगू नका.'

आता तुम्हीच सांगा, एक तरी खूण राहिली होती का? पण माझी खरी खात्री पटली ती 'आठवण येते' वाचून. मंदार कॅनडात गेल्यापासून, छे, जन्मल्यापासून, असं काही बापाला म्हणालेला नाही.

मी लिहिलं, 'बाळा, अभ्यास कमी पडला. आमचा मुलगा असलं गोड बोलत नाही. दुसरं गिऱ्हाईक बघ.' आणि केलं ब्लॉक!

मेसेजचा स्क्रीनशॉट कट्ट्याच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'फसवणुकीचा उत्तम नमुना'. मैंदर्गीचे अण्णा संध्याकाळी म्हणाले, "गुरुजी, लई बेस पकडलात की." मी आठवडाभर नुसता मिरवत होतो.

जुन्या नंबरावर फोन का नाही लावला, म्हणता? लावणार होतो हो. बोट त्याच्या नावापर्यंत गेलंही होतं. पण मी फोन केला की तो कामात असतो. 'नंतर करतो' म्हणतो, आणि मग माझा सगळा दिवस त्या फोनची वाट बघण्यात जातो. म्हणून राहिलं.

वाढदिवसाला त्याचा आईला फोन आला. मायलेक बराच वेळ हसत होते. मग हिनं फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, तो मीच होतो," मंदार म्हणाला.

साडीचं जाऊ द्या हो. माझ्या मुलाला माझी आठवण येत होती, आणि मी ती चोराची म्हणून गावभर दाखवत हिंडलो होतो.

"तो मेसेज परत पाठव ना," मी म्हणालो.

"आता कशाला? आईला मी दुसरं काहीतरी पाठवलंय."

"कार्डाचं नको रे. त्याच्या आधीची ओळ."

तिकडून त्यानं नुसता घसा खाकरला. मग म्हणाला, "बाबा, मीटिंग आहे. ठेवतो."

शंकाच नाही हो. आमचाच मुलगा!