डोंगराच्या जागी

आमच्या घरासमोर डोंगर होता. आता तिथे तळं आहे. डिचोलीबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो "वा!" म्हणतो, आणि माझं डोकं फिरतं. अहो, डोंगराचं तळं आपोआप होत नाही. खाणीने तो वरून खात खात संपवला, मग जमिनीखालीही खड्डा पाडला. खाण बंद पडली आणि खड्ड्यात पाणी साठलं, एवढंच.

डोंगर पश्चिमेला होता. दुपार कलली की त्याची सावली शेतं ओलांडून आमच्या अंगणात यायची. ती तुळशीला लागली की बाबा हातपाय धुऊन सोप्यावर कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसायचे. तेवढ्यात पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजायचा. चहात उंडो बुडवून खायचा, कुणाशी बोलायचं नाही. दिवसभरातली त्यांची चैन ती तेवढीच. डोंगर गेल्यापासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट सोप्यावर. बाबा तरीही तिथेच बसतात, कपाळावर आडवा हात धरून. भावाने हिरवं कापड बांधलं, तर ओढून काढलं. "कापडाची सावली ही काय सावली?" आंबा लावूया म्हटलं, तर "माझ्या जल्मात वाढतलो काय तो?" हट्टी म्हणजे किती हट्टी!

मी आर्किटेक्ट आहे. तळ्याकाठी संग्रहालय बांधायचं ठरलं. काम बाहेरच्या एका मोठ्या आर्किटेक्टना मिळालं आणि इथलीच म्हणून त्यांनी मला हाताखाली घेतलं. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी कप खाली ठेवला.

"डोंगर होतो थंयच?"

"हो."

"मग उंच बांध गो बाय. डोंगराएवढां. सावली येवंदे."

मी हसले. ते हसले नाहीत. बुधवारच्या बाजारात सांगत सुटले की आमची लेक डोंगर परत आणते. सर्वणहून मावशीचा फोन आला, "खरां काय गो?" काय सांगणार कपाळ!

पहिल्याच बैठकीत सरांनी तळ्याचा फोटो पडद्यावर लावला. निळंशार पाणी, भोवती लाल माती. म्हणाले, या निसर्गापुढे आपण मान खाली घालायची. इमारत जमिनीत दडवायची, भिंती चिऱ्याच्या, छपरावर माती आणि गवत, लांबून दिसताच कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. कसला डोंबलाचा निसर्ग! मी उठून बोललेच. म्हटलं, सर, हा खड्डा आहे. इथे डोंगर होता, आमच्या अंगणात त्याची सावली पडायची. सरांनी मन लावून ऐकलं. माणूस वाईट नव्हता हो, तीच तर पंचाईत. "फार सुंदर," ते म्हणाले, "हे आपण आत दाखवू." आणि डोंगराच्या जुन्या फोटोसाठी एक भिंत राखून ठेवली.

मी भांडले असते, पण मागू काय? डोंगराएवढी इमारत? मी शिकलेय ना, असली इमारत म्हणजे माळावरचं भूत हे मलाही कळतं. सरांचं चुकत नव्हतं. बाबांचंही चुकत नव्हतं. मी मुकाट्याने गवताच्या छपराची ड्रॉइंगं काढत बसले. उंची आणखी कमी कशी करता येईल, हेही मीच शोधून काढलं. सर खूश झाले. मी घरी जाऊन जेवले नाही.

बाबा रोज विचारायचे, "खंय पावलां काम?" चाललंय, म्हणायची. उंची किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

उद्घाटनाला गाड्यांची रांग लागली. पाहुणे गवतावरून चालत गेले आणि आपण छपरावर आहोत हे कळल्यावर लहान मुलांसारखे हसले. एक बाई माझे हात धरून म्हणाल्या, "इथे काही बांधलंय असं वाटतच नाही!" आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. मी मात्र हात सोडवून घेतले.

गुडघ्यांमुळे बाबा आले नव्हते. मी पेढे घेऊन घरी गेले तेव्हा ते सोप्यावर होते, हात कपाळावर, तोंडावर भगभगीत ऊन. उंडो तसाच बशीत.

"बाबा, झालं. आज उद्घाटन झालं."

"कसलां?"

"संग्रहालयाचं. ते बघा, समोर." मी शेतांपलीकडे बोट दाखवलं.

त्यांनी कपाळावरचा हात आणखी खाली ओढला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत राहिले. मीही बघत होते. समोर गवत होतं, त्यामागे आभाळ.

"खंय?"

मला रडू फुटलं. पेढ्यांचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. बाबांना वाटलं असावं, काम अडलं म्हणून पोर रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"असूंदे गो बाय. बांधूक घेतलां की माका सांग."