मामीने चिकटवलेला फोम

भिकनमामा रिसॉर्टांमधले गरम पाण्याचे टब दुरुस्त करतात. टबाभोवती फोम ठासून भरला की ऊब टिकते, विजेचं बिल कमी येतं. पण टब गळायला लागला की भोक शोधायला तो फोम सगळा खरवडून काढावा लागतो. मालकांनी कुरकुर केली की मामा भडकतात, "मग गळू द्या!"

केमोनंतर मामीला नाशिकची थंडी सोसेना. तेव्हा मामांनी आणलेले फोमचे तुकडे तिने स्वतः घराच्या पत्र्याखाली दाबून चिकटवले. दिवाळीत ती गेली.

यंदा पावसाळ्यात पत्रा गळायला लागला. वरून भोक सापडेना. मी म्हटलं, "मामा, फोम काढावा लागेल."

"मला शिकवू नकोस!"

फोमवर मामीच्या बोटांचे खळगे तसेच होते. मामांनी खाली बादली सरकवली.

"गळू दे."