निळ्या नखांवरचा तांबडा रंग

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीसाठी पुण्याहून सोलापूरला आलो तेव्हा माझ्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत गुंडाळलेली एक लहानशी बाटली होती. नखांना लावायचा तांबडा रंग. कॅम्पातल्या दुकानात ती मागताना मी इतका अडखळलो, की दुकानदाराने आधी माझ्यापुढे लाल शाईची दौत ठेवली.

बाटली अक्कासाठी होती. अक्का माझी थोरली बहीण. वडील मंद्रूपची जमीन भावांकडे सोपवून शहरात आले आणि सूत रंगवण्याच्या कामाला लागले. त्यांच्या हाताखाली मीच जायचो. मी कॉलेजात गेलो आणि रंगाच्या पिंपाशी माझी जागा अक्काने घेतली. निळ्या रंगात सुताच्या लडी बुडवून, पिळून तिची दहाही नखं निळी झाली. चिंच लावून झाली, लिंबू झालं, राख झाली. तो रंग नखाबरोबर वाढून पुढे जातो तेव्हाच जातो, आणि तोवर मागून नवा चढलेला असतो.

तिला बघायला अक्कलकोटकडची मंडळी आली तेव्हा मुलाच्या आत्याबाईंनी तिचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि नखांना काय झालंय म्हणून विचारलं. आई घाईघाईने म्हणाली, की कामाचा रंग आहे, लग्नापर्यंत जाईल. पसंती झाली, पण अक्का तेव्हापासून चारचौघांत हात पदराखाली ठेवू लागली. वडिलांनी मला पाठवलेल्या पत्राखाली तिने आपल्या चौथीच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या होत्या. पुण्यातल्या बायका नखं रंगवतात म्हणे. खरं असेल तर तो रंग घेऊन ये. मला वाटतं, तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिलीच वस्तू.

लग्नाला तीन आठवडे होते. रंग टिकतो का ते पाहायला आम्ही आधी डाव्या हाताची नखं रंगवायची ठरवली. आई म्हणाली, मेंदीला लावतो तसं तेल लावा, म्हणजे रंग खुलेल. अक्काने नखांना करडईचं तेल चोळलं आणि त्यावर रंगाचा जाड थर दिला. दिसायला छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्या भाकरीत तांबडा पापुद्रा निघाला. आईला वाटलं मिरचीचं साल. अक्काने हात पुढे धरला, तर करंगळी सोडून सगळी नखं पुन्हा निळी.

आता घरात सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी रसायनशास्त्र शिकतो हे आईने आळीभर सांगितलेलं होतं. मी वही उघडून बसलो. पानं उलटली, पण नखांविषयी त्यात काही नव्हतं. शेवटी मी चाचरत सांगितलं, की बहुधा तव्याच्या उष्णतेने रंग सुटला असावा. अक्काने दोन दिवस भाकरी थापल्या नाहीत. नखं साध्या पाण्याने धुऊन पुन्हा रंग लावला, या वेळी आणखी जाड. तो पिंपावरच्या पहिल्याच दिवशी टोकाकडून उडू लागला आणि उडालेल्या कडेत सुताचा धागा अडकून आख्खा पापुद्रा निघून आला. बाटली अर्धी झाली होती. बाटली फडताळात ठेवून अक्काने हात पदराखाली घेतले, आणि मला माझ्या वहीची फार लाज वाटली.

वडील तोवर या भानगडीत पडले नव्हते. त्या दिवशी हात धुता धुता त्यांनी काय काय केलं ते आम्हाला विचारलं. तेलाचं ऐकून ते थांबले.

"तेलकट सूत रंग धरतंय व्हय?" ते म्हणाले. "कोरं सूत आदी सोड्यात उकळतो ते कशापायी? त्यातलं तेल जावं म्हनून की. तुमी वरनं आनखी चोळलं."

मी पाच वर्षं त्या पिंपाशी उभा राहिलो होतो. सोड्याची कढई माझ्याच हाताखाली असायची.

सोड्याने हात भाजतील म्हणून आईने रिठे काढले. रिठ्याच्या फेसाने नखं घासून, कोरड्या फडक्याने पुसून अक्का बसली. वडिलांनी दुसरीही गोष्ट सांगितली. गडद रंग हवा असला तरी ते सूत दाट रंगात एकदा बुडवत नाहीत, पातळ रंगात दोनदा बुडवतात. तेव्हा पहिला थर अगदी पातळ. तो वाळेपर्यंत दुसरा द्यायचा नाही, आणि पुसल्यावर नखाला बोटसुद्धा लावायचं नाही, एवढी भर मी घातली. नखाच्या टोकाचं मात्र अक्कालाच सुचलं. लुगड्याला काठ असतो म्हणून ते कडेने उसवत नाही, असं म्हणून तिने कुंचली नखाच्या अगदी धारेवरून फिरवली.

रंग वाळेपर्यंत ती दोन्ही हात पसरून बसली. आईने तिला घास भरवले.

"लई बरं वाटतंय," अक्का म्हणाली. "रोज लावाय पायजे."

तो रंग पिंपावरसुद्धा पाच दिवस टिकला.

लग्नात खरी अडचण हळदीची होती. हळदीबरोबर तेल आलंच. आदल्या दिवशीच नखं रंगव म्हणून बायका मागे लागल्या, पण अक्का ऐकेना. हळदीचं न्हाणं झालं, रिठ्याने नखं घासून निघाली, आणि मगच तिने बाटली उघडली. अक्षता पडताना मी तिच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त पाहत होतो. हात पदराबाहेर होते.

पाचव्या दिवशी ती सासरहून आली तेव्हा दारातच आम्ही सगळ्यांनी तिचे हात पाहिले. पाण्यात अंगठी शोधण्याचा खेळ झाला होता, भांडी झाली होती, तरी नऊ नखं शाबूत होती. उजव्या अंगठ्याची कड मात्र शेंगा फोडताना उडाली होती आणि त्यातून निळं दिसत होतं.

आईने घाबरून विचारलं, की आत्याबाईंनी पाहिलं का.

पाहिलं होतं. अक्काने त्यांना सरळ सांगितलं होतं, की हा पिंपाचा रंग आहे, भाऊ शिकायला गेला म्हणून मी उभी राहिले, आणखी काही महिन्यांनी जाईल. मग आत्याबाईंनी आपली तर्जनी पुढे केली. वर्षानुवर्षं दातांना मिश्री लावून ते नख तपकिरी झालेलं होतं.

"ह्याला बी लाव की," त्या म्हणाल्या.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"म्हनलं, आत्याबाई, आदी रिठ्यानं धुवा. आनि आज दिसभर मिश्री न्हाय."

आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. उरलेली बाटली अक्का तिकडेच ठेवून आली होती. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, की थर किती दिले.

"दोन. पातळ," अक्का म्हणाली, आणि त्यांनी मान हलवली.