इंजिन टेकलं, दगड काढला

लातूर जिल्हा नवा झाला त्या दुष्काळात मी छोट्या गाडीवर गार्ड होतो. पुढं कडब्याच्या वाघिणी, मागं माणसांचे डबे. घाटाच्या चढावर इंजिनाला एवढं ओझं झेपत नसे. आधी इंजिन वाघिणी वर ठेवून यायचं, मग डबे न्यायचं. तोवर डबे उतारावर उभे, चाकामागं दगड आणि हातब्रेकवर मी. खाली वळण होतं, त्यापुढं पूल. तिकडं मी बघतच नसे.

त्या दुपारी इंजिन परत येऊन डब्याला टेकलं. डबे इंजिनाला जोडणारी साखळी अजून अडकवायची होती. तेवढ्यात खाली उतरलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, गाडीला बैल जुंपल्यावर काढतात तसा, चाकामागचा दगड काढून टाकला. डबे मागं सरकले. आत बायका-लेकरं. मी जीव खाऊन ब्रेक आवळला. हातभर जाऊन डबे थांबले.

म्हातारा माझ्याकडं आला. "इंजिन लागलं होतं की, साहेब."

साखळी अडकली तरी माझ्या मुठी सुटेनात. शेवटी त्यानंच माझं एकेक बोट ब्रेकवरून सोडवलं.