खांद्यावरचा कपडा

घाटंजीच्या बाजारातल्या त्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला वेड लागले आहे, असे लोक सांगतात. हे साफ खोटे आहे. त्याच्या दुकानात रोज सायंकाळी मी बसतो. सांगणारे बसत नाहीत.

पूर्वी प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात प्रश्न वाचून झाला, की तो आवाज बंद करी आणि खांद्यावरचा कपडा पडद्यावर टाकी. "पर्याय पाहून त कोनीबी सांगते, साहेब. आता बोला!" मग आम्ही सातआठ जण तावातावाने भांडत असू. त्याचे स्वतःचे उत्तर बहुधा चुके, पण ते तो छाती काढून देई.

वर्षे गेली तसे कार्यक्रमात प्रश्न कमी आणि रडणे जास्त झाले. भांडणारे एकेक करून यायचे थांबले. आता तो टीव्ही मुका ठेवून, त्याच्याकडे पाठ करून काम करतो. "थ्या रडारडीले कायले पाहू? सवाल आला का मले सांगजा." लोकांना दिसते ते वेड हेच.

काल बऱ्याच वेळाने पडद्यावर प्रश्न उमटला. सूत्रसंचालकाने पहिल्या भागात कोणत्या रंगाचा कोट घातला होता?

"आला का, साहेब?" त्याने न वळताच विचारले. हात खांद्यावरच्या कपड्याकडे गेला होता.

गावात कोणाचेही खोटे मी आजवर चालू दिलेले नाही.

"नाही," मी म्हणालो, "अजून नाही आला."