पाच किलो होईपर्यंत

"जरा दम धर बाय, काट्याला आधी नको विचारू."

असं म्हणून ते आजोबा नातवाला दोन्ही तळव्यांवर घ्यायचे, डोळे मिटायचे, बाळाला जरासं वर-खाली करायचे आणि वजन सांगून टाकायचे. मग मी बाळाला काट्यावर ठेवायचं. वसईत लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे मी नंबर लावते, वजनं घेते, फायली लिहिते. रोज तीस-चाळीस पोरं मला बघून भोकाड पसरतात. पण माझ्या कामात अशी लुडबुड करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला.

पहिल्या दिवशी मी फटकारलंच. "आजोबा, हा दवाखाना आहे. भाजीबाजार नाही."

"भाजी नाय, केळी," ते शांतपणे म्हणाले. "पन्नास वर्षं वाडी करतोय. केळीचा लोंगर उचलला की वजन कळतं. हा घे, तीन किलो सातशे."

काट्यावर आलं तीन सहाशे ऐंशी.

"तुझा काटा वीस ग्रॅम खातो," म्हणाले आणि वर हसले. अस्सा राग आला मला!

दर गुरुवारी ते मुलीला आणि नातवाला घेऊन रिक्षाने यायचे. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, ती तिथेच राहिली होती. आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. ते कुठल्याच साबणाने निघत नाहीत, तुमच्यापैकी कुणी प्रयत्न केला असेल तर ठाऊक असेल. हळूहळू बाकावरच्या बायका आपापली बाळं त्यांच्यापुढे करू लागल्या. "आजोबा, आमची सांगा ना!" चुकले तर तीस-चाळीस ग्रॅमने, त्याहून जास्त कधी नाही. एका गुबगुबीत पोराला मात्र त्यांनी हातच लावला नाही. "याचं नाय सांगत. दृष्ट लागायची बिचाऱ्याला." डॉक्टरसुद्धा केबिनबाहेर येऊन हसून गेले.

त्यांच्या स्वतःच्या नातवाच्या आकड्यावर मात्र कुणी हसायचं नाही. त्याच्या हृदयाला भोक होतं. मुंबईचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करू, पण आधी पाच किलो होऊ दे. एवढ्याशा अंगाला ते झेपायचं नाही. यात त्यांची काही चूक नव्हती, इतकं मला इतक्या वर्षांत कळतं. पण ते पोर दोन मिनिटं दूध ओढलं की दमायचं, कपाळावर घाम यायचा. पोटात जायचं तेवढं श्वास घेण्यातच संपायचं. वजन नाही म्हणून ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही म्हणून वजन नाही. आता तुम्हीच सांगा, करायचं काय?

"बाय, वाडीत एखादं रोप कमजोर असलं तर आपण त्यालाच आधी खत घालतो," आजोबा एकदा म्हणाले. "आधी मोठं हो, मग घालतो, असं कुणी सांगतं का?"

"डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार होते, कपाळ माझं!

एका गुरुवारी ऐंशी ग्रॅम वाढले. चार किलो एकशे साठ. पुढच्या खेपेला आजोबांनी पिशवी भरून वेलची केळी आणली आणि अख्ख्या बाकाला वाटली. "ऐंशी ग्रॅम!" प्रत्येकीला सांगत होते. शेजारची एक बाई कुरकुरली, "आमची महिन्यात सहाशेच वाढली हो." मी म्हटलं, "बाई, तुम्ही केळं खा आणि गप्प बसा." नोकरी जाण्यासारखंच बोलले, पण राहवलं नाही.

त्यानंतर बाळाला सर्दी झाली. दोन गुरुवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले तेव्हा आजोबांनी बाळाला तळव्यांवर घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"साडेचार," ते म्हणाले.

मी काट्यावर ठेवलं. तीन किलो नऊशे ऐंशी.

मी काटा बंद करून परत चालू केला. दुपटं काढून शून्य केलं, पुन्हा ठेवलं. तेच. आजोबा काट्याकडे बघतच नव्हते, भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत होते. त्या हाताला कळलं नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही. माझ्या मनात आलं, साडेचारच लिहावं. पण लिहिलं खरं तेच. डॉक्टरांनी फाईल बघितली आणि म्हणाले, "पाचाची वाट नको. आजच मुंबईला न्या. मी फोन करतो."

बाळ गेलं. सांगून टाकते, तुम्हाला ताटकळत ठेवून मला काय मिळणार? ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी गेलं. आजोबा पुन्हा दवाखान्यात आले नाहीत. कशाला येतील?

पण बाळ जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. फाईलवर नंबर होता.

"काचेच्या आत ठेवलाय बाय," ते म्हणाले. "हातात देत नाय. वजन विचारलं तर सिस्टर म्हणते, बाबा, आता वजनाचं राहू दे." मग म्हणाले, "तू सांग ना. किती असेल?"

वीस वर्षं झाली मला या कामात. काट्याशिवाय आकडा कधी तोंडातून काढला नाही.

"पाच," मी म्हटलं. "पाच भरला असेल, आजोबा."

पलीकडे कुणाची तरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला.

"खोटं बोलतेस, बाय," ते म्हणाले. रागाने नाही. आणि तरी फोन ठेवेनात. मीही ठेवला नाही. आपला नंबर कधी, म्हणून एक आई टेबलापुढे येऊन उभी राहिली होती. तिला मी हातानेच बसायला सांगितलं.